खांद्यावरची दोन बोटं जागा

पहिल्या तीन बायकांच्या खांद्याच्या स्नायूतल्या विजेचं रेकॉर्डिंग लावून मी लॅपटॉप गाईड मॅडमसमोर ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पडद्याजवळ वाकल्या आणि विचारलं, "ही शिवतानाची रेघ की आरामातली?" आरामातली होती. तिघीही हात मांडीवर ठेवून नुसत्या बसल्या होत्या, आणि पडद्यावरची रेघ सुतळीएवढी जाड. "मग हा स्नायू नव्हे, आपल्या भिंतीतलं वायरिंग आहे," मॅडम म्हणाल्या. "तिन्ही बाद. पुन्हा बोलाव."

पुन्हा बोलावणं एवढं सोपं नव्हतं. गाव सोलापूर, महिना एप्रिल, आणि माझ्या डेझर्टेशनमधल्या बायका शाळेचे गणवेश शिवणाऱ्या. चादरीचं सोलापूर सगळ्यांना माहीत असतं, पण गणवेशाचंही मोठं काम इथं चालतं. जूनमध्ये शाळा उघडतात, म्हणजे त्याआधीचे हे दोन-तीन महिने ऐन हंगामाचे. मजुरी नगावर. माझ्याकडे दोन तास घालवले की तेवढे शर्ट कमी भरतात.

मी तेव्हा एमपीटीच्या, म्हणजे फिजिओथेरपीतल्या मास्टर्सच्या, दुसऱ्या वर्षाला होते. विषय घेतला होता अप्पर ट्रॅपेझियसचा, म्हणजे मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत जाणाऱ्या, आपण दमलो की आपसूक चोळतो त्या स्नायूचा. शिवणाऱ्या बाईचा हा स्नायू दिवसभरात मध्ये मध्ये जरा तरी सैल पडतो का, हे बघायचं होतं. नॉर्वेमध्ये १९९० च्या आसपास पॅकिंगचं काम करणाऱ्या बायकांवर असा अभ्यास झालेला आहे. त्यांनी मोजले ते 'गॅप'. स्नायूची विद्युत हालचाल त्याच्या कमाल मोजमापाच्या ०.५ टक्क्याच्या खाली निदान ०.२ सेकंद उतरली, की एक गॅप. डोळ्याची पापणी लवावी एवढीच ती विश्रांती, पण ज्यांना ती कमी मिळत होती त्यांच्यात पुढे दुखणं जास्त निघालं.

आता यातला हिशेब बघा. माझ्या अभ्यासातल्या एका अक्कांचा सिग्नल पूर्ण जोर लावल्यावर ६०० मायक्रोव्होल्टच्या घरात जायचा. त्याचा ०.५ टक्का म्हणजे ३ मायक्रोव्होल्ट. भिंतीवरच्या घड्याळातला सेल दीड व्होल्टचा असतो, त्याचा पाच लाखावा भाग. आणि माझ्या बाद झालेल्या फायलींत नुसता गोंगाटच १५ मायक्रोव्होल्टच्या वर होता. म्हणजे स्नायूनं विश्रांती घेतली असेल तरी मला ती दिसणारच नव्हती. वरातीच्या बँडमध्ये कुणी सुस्कारा सोडला तर कुणाला ऐकू येणार?

काय चुकलं होतं ते मला लगेच कळलं, आणि लाजही वाटली. इंजेक्शनच्या आधी सिस्टर पुसतात तसं मी स्पिरिटच्या बोळ्यानं दोनदा पुसलं होतं आणि ओल्यावरच इलेक्ट्रोड (स्नायूची वीज टिपणाऱ्या, जेल लावलेल्या चकत्या) चिकटवले होते. इलेक्ट्रोडचं पाकीट आधीच्या बॅचनं फोडून ड्रॉवरमध्ये तसंच ठेवलेलं. जेल कडेनं सुकून साखरेच्या पाकासारखं कडक झालं होतं. हे मला दिसलं होतं. तरी मी ते वापरले, कारण नवीन पाकीट मागायचं तर स्टोअरला अर्ज द्यावा लागतो.

कातडीला एवढं महत्त्व का, हे मला पुस्तकातून पाठ होतं, समजलं मात्र त्या आठवड्यात. त्वचेचा अगदी वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, पण वीज अडवायला तो पक्का. त्यावर तेल, घाम, पावडर यांचं लिंपण. आपण स्नायूवर दोन इलेक्ट्रोड लावतो आणि यंत्र त्या दोघांतला फरक मोजतं. ट्यूबलाइटचा, पंख्याचा, भिंतीतल्या तारांचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट दोघांकडे सारखाच येतो, म्हणून वजाबाकीत उडून जातो. पण एका इलेक्ट्रोडखालची कातडी स्वच्छ आणि दुसऱ्याखालची तेलकट असली, तर तोच गुणगुणाट दोन्हीकडून सारखा पोचत नाही, आणि उरलेला फरक यंत्र इमानेइतबारे स्नायू म्हणून लिहून घेतं. एका कानात कापसाचा बोळा घालून आवाज कुठून येतो ते सांगायला बसावं, तशी गत.

मॅडमनी माझ्या हातात सेनिअमच्या शिफारशींच्या झेरॉक्स दिल्या. स्नायूची वीज कातडीवरून कशी मोजायची यावरचा हा युरोपातला प्रकल्प १९९६ मध्ये सुरू झाला आणि १९९९ मध्ये त्यांच्या शिफारशी निघाल्या. कुठल्या स्नायूवर नेमकं कुठं चिकटवायचं, दोन इलेक्ट्रोडच्या मध्यात किती अंतर ठेवायचं (२० मिलिमीटर), कातडीचं काय करायचं, सगळं त्यात आहे. "आधी आपल्या लोकांवर हात बसव," मॅडम म्हणाल्या, "मग त्या बायकांचा वेळ घे."

आपले लोक म्हणजे वर्गमित्र. एक जण दंड द्यायला तयार झाला. अंगावर केस भरपूर, म्हणून मी नवा रेझर घेऊन दंडावर चौकोन भादरला. चौकोन जरा मोठाच झाला. पुढचा महिनाभर हॉस्टेलवर त्याच्या दंडाला सगळे 'पिच' म्हणायचे आणि पिच रिपोर्ट विचारायचे. पण त्याच्यावर मी एक गोष्ट शिकले. केस काढणं फक्त चिकटण्यासाठी नसतं. रेझर मेलेल्या थराचाही थोडा भाग खरवडून नेतो. कपाटात बॅटरी काढून ठेवलेला एक छोटा इम्पीडन्स मीटर, म्हणजे कातडी विजेला किती अडवते ते मोजणारा, होता, तो चालू करून बघितला. काहीही न करता १४० किलोओहम. केस काढून स्पिरिटनं पुसल्यावर ३८. खरखरीत जेल कापसावर घेऊन घासल्यावर ७. दहाच्या खाली आलं की चांगलं, पाचच्या खाली उत्तम. तो १४० वरून ७ वर उतरताना बघितला आणि मग मी कुणालाही नुसतं पुसून सोडलं नाही.

घासायचं किती? इथं पुस्तकाचा उपयोग संपतो. परदेशी पुस्तकात लिहिलेलं असतं की कातडी हलकी गुलाबी झाली की थांबा. आता आमच्या मावश्यांची उन्हानं रापलेली सावळी मान गुलाबी कशी व्हायची? पहिल्या खेपेला गुलाबीची वाट बघत मी घासत राहिले आणि त्या बाईंनी शेवटी खांदा आक्रसून घेतला. पुढं माझी खूण ठरली ती कापसाची. पहिला बोळा तपकिरी येतो, दुसरा करडा, तिसरा जवळजवळ पांढरा. बोट फिरवलं तर आधी बोट घसरायचं, आता जरासं अडखळतं. आणि बाईंना विचारायचं, "गरम वाटतंय का?" "हं, जरा कोमट लागायलंय," असं म्हणाल्या की हात थांबवायचा. जळजळ होते म्हणेपर्यंत जायचं नाही.

जास्त घासण्यावरून एक आठवलं. एमिल द्यु ब्वा-रेमों नावाच्या बर्लिनच्या शास्त्रज्ञानं १८४९ च्या सुमारास माणसाच्या हाताच्या स्नायूतली वीज पहिल्यांदा मोजून दाखवली. कातडी आड येते हे त्यालाही नडलं. त्यानं काय केलं, तर हातावर फोड आणवला, वरची कातडी काढली आणि उघड्या जखमेवर इलेक्ट्रोड टेकवले. काटा कितीतरी पटींनी जास्त हलला. आमच्या एथिक्स कमिटीसमोर हा प्रस्ताव गेला असता तर काय झालं असतं याची कल्पना करून मी एकटीच हसले होते.

जागा शोधणं हे त्याहून किचकट. अप्पर ट्रॅपेझियससाठी मानेच्या सातव्या मणक्यापासून खांद्याच्या हाडाच्या टोकापर्यंत रेघ धरायची आणि तिच्या मध्यावर, रेघेच्याच दिशेनं, दोन्ही इलेक्ट्रोड लावायचे. सातवा मणका कसा ओळखायचा? मान खाली घातली की पाठीशी सगळ्यात वर येतं ते हाड. पण बऱ्याच जणींत दोन हाडं वर येतात. मग दोन्हींवर एकेक बोट ठेवायचं आणि मान हळूच मागं करायला सांगायची. सहावा मणका बोटाखालून आत सरकतो, सातवा तिथंच राहतो. हे बोटाला एकदा कळलं की आयुष्यभर विसरत नाही. सायकलसारखं. काही संशोधक म्हणतात की नेमक्या मध्यावर लावूच नका, दोन सेंटिमीटर खांद्याकडे सरका, कारण मध्याच्या आसपास नस स्नायूत शिरते आणि तिथं सिग्नल दबतो. त्यावर मी मॅडमशी अर्धा तास वाद घातला. शेवटी सरकायचं ठरलं, आणि मग मात्र सगळ्यांना तेच.

जागा सापडली की पेनानं खूण करायची. ती मी केली. मग स्पिरिटनं पुसलं. खूण गेली. पुन्हा मोजलं, खूण केली, जेलनं घासलं, खूण गेली. हा प्रकार मी एकाच बाईंवर तीन वेळा केला, सांगायलाही लाज वाटते. चौथ्या वेळी त्याच म्हणाल्या, "मॅडम, कापडावर खडूची खूण पुसली जाती म्हणून आम्ही बाजूला मारतो." तेव्हापासून मी खुणा दोन बोटं वर आणि दोन बोटं खाली करू लागले, आणि मधली जागा घासायला मोकळी ठेवली.

मग मंगळसूत्र. रेफरन्स म्हणून तिसरा एक इलेक्ट्रोड हाडावर लावावा लागतो. सेनिअमच्या मते सातवा मणका चालेल, मनगट चालेल, घोटा चालेल. आमच्याकडे मणक्यावर मंगळसूत्र, मनगटावर बांगड्या, घोट्यावर पैंजण. काढा म्हणायची माझी हिंमत झाली नाही आणि म्हटलं असतं तर पुढच्या बायका आल्याच नसत्या. शेवटी मंगळसूत्र उचलून अंबाड्याला चापानं अडकवायचं, असा तोडगा निघाला. ब्लाउजचा वरचा हुक सोडून खांदा मोकळा करायचा, वरून पदर, दार बंद, खोलीत फक्त बायका. सुरुवातीला हे सगळं मी घाईत करायचे. मग कळलं की बाई संकोचानं आखडून बसली की ट्रॅपेझियसही आखडतो, म्हणजे त्या घाईचा रेकॉर्डिंगलाच फटका.

आणि प्रत्येक जण विचारणार तो प्रश्न: "करंट लागतंय काय ओ?" नाही, असं सांगून भागत नाही. मी आधी स्वतःच्या हाताला इलेक्ट्रोड लावून मूठ आवळून दाखवायचे. पडद्यावर रेघ उसळायची. "हे यंत्र काही देत नाही, नुसतं ऐकतं," एवढं म्हटलं की पटायचं.

चिकटवण्याचेही नखरे आहेत. आपल्याकडे सहज मिळतात ते ईसीजीचे मोठे इलेक्ट्रोड. त्यांचा फोम इतका रुंद की दोघांचे मध्य २० मिलिमीटरवर येतच नाहीत. लहान मुलांचे छोटे मागवले आणि त्यांचाही काठ कात्रीनं जरा छाटला. छाटताना जेलला धक्का लागता कामा नये, आणि लावल्यावर दोन्हीकडचं जेल एकमेकांत मिसळता कामा नये. मिसळलं की दोन इलेक्ट्रोडचा एकच होतो आणि रेघ सरळ झोपते. वायरचं बटण चिकटवायच्या आधी लावून घ्यायचं, अंगावर दाबून नाही. दाबायचं ते कडेनं, मध्ये नाही. शेवटी वायरला एक सैल वेटोळं देऊन टेप. आणि पाच मिनिटं नुसतं थांबायचं, जेल कातडीत मुरू द्यायचं. त्या पाच मिनिटांत चहा.

पंख्याचं गाऱ्हाणं वेगळंच. बाहेर ऊन ४० च्या वर. पंखा बंद केला तर घामानं इलेक्ट्रोडच्या कडा उचलतात. चालू केला तर वायर हलतात आणि रेघ लाटेसारखी वर-खाली होते. आम्ही पंखा दोनवर ठेवून बाईंची पाठ त्याच्याकडे नाही, तोंड त्याच्याकडे केलं. चाललं.

त्यात शिलाई मशीनची मोटर. लॅबमध्ये आणलेल्या मशीनची मोटर सुरू झाली की पडदा केसाळ व्हायचा. मी म्हटलं, सॉफ्टवेअरमध्ये ५० हर्ट्झ कापायची सोय आहे, कापून टाकू. मॅडमनी साफ नाही म्हटलं. स्नायूचा स्वतःचा जोर मुख्यतः ५० ते १५० हर्ट्झमध्येच असतो, गोंगाटाबरोबर तोही कापला जाणार. शेवटी वर्कशॉपमधल्या दादांनी येऊन बोर्ड उघडला. तीन पिनी सॉकेट दिमाखात बसवलेलं, आत अर्थिंगची तार कशालाच जोडलेली नाही. ती जोडली, लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर घेतला, आणि रेघ दोऱ्यासारखी बारीक झाली. मी त्या दिवशी सगळ्यांना भजी खिलवली.

मग काम लागलं मार्गी. आधी कमाल जोर मोजायचा: खुर्चीखालून घेतलेला पट्टा खांद्यावरून आवळायचा आणि त्याविरुद्ध खांदा कानाकडे उचलायचा, ५ सेकंद, तीनदा, मध्ये दोन-दोन मिनिटं विसावा. नंतर वीस मिनिटं कॉलर बसवायच्या. डाव्या खांद्याच्या रेघेत दर सेकंदाला एक बारीक टोक यायचं. एका अक्कांनी बोट ठेवून विचारलं, "हे काय मधी मधी टुचटुच करायलंय?" मी म्हटलं, "अक्का, हे तुमचं काळीज." त्यांनी बाहेर बसलेल्या मैत्रिणीला हाक मारली, "ए, ये की, माझं काळीज टीव्हीत दिसायलंय!" दोघी हसल्या आणि टोकं भराभर जवळ आली.

अकराव्या बाईंच्या वेळची गोष्ट मात्र अजून डोक्यात आहे. आराम करताना रेघ जाड. मला वाटलं, झालं, पुन्हा तेल. इलेक्ट्रोड काढले, कापूस पांढराफेक येईपर्यंत घासलं, नवे लावले. मीटर म्हणाला ४ किलोओहम. रेघ तशीच जाड. वायर बदलल्या, अर्थिंग बघितलं. शेवटी मॅडमना बोलावलं. त्यांनी पडदा बघितलाच नाही. त्या बाईंच्या मागं उभ्या राहिल्या, दोन्ही तळवे खांद्यांवर ठेवले आणि म्हणाल्या, "मावशी, श्वास सोडा." दोन-तीन श्वास गेले. खांदे बोटभर खाली आले. माझ्या पडद्यावरची रेघ बारीक होत होत सपाट झाली. "पोरगी दहावीला होती ना, निकाल कधी?" मॅडमनी सहज विचारलं. मावशींनी तोंडातून शब्द काढायच्या आतच रेघ पुन्हा जाड झाली. ते ५० हर्ट्झ नव्हतं. ती बाई बसलीच तशी होती, खांदे उचलून, बहुतेक कित्येक वर्षं. कातडीला दोष द्यायला मी इतकी शिकले होते की खरा स्नायू समोर आला तो मला ओळखू आला नाही.

झाल्यावर इलेक्ट्रोड हळू सोलून काढायचे, कातडी दाबून धरत, ओल्या कापडानं जेल पुसायचं. खाली फिकट चौकोन उमटलेला असतो, दिवसभरात जातो. आदल्या रात्रीपासून तेल-पावडर लावू नका असं सांगितलेलं असायचं, म्हणून बऱ्याच जणी पिशवीत खोबरेल तेलाची छोटी बाटली घेऊनच यायच्या. "आता लावू का?" म्हणत आणि मी ज्या जागेसाठी अर्धा तास झटले होते तिथं पचकन तेल चोळत.

बाद झालेल्या तिघींपैकी दोघी पुन्हा आल्या. तिसरीला मी तीनदा फोन केला. पहिल्यांदा म्हणाल्या, रविवारी बघते. दुसऱ्यांदा त्यांच्या मुलानं उचलला. तिसऱ्यांदा मागं मशीन चालू होती, फोन बहुतेक खांदा आणि कान यांच्यामध्ये धरलेला. "जूनपर्यंत नाही जमायचं ओ, मॅडम. खांदा काय, कुठं पळून जातोय?"

माझं सबमिशन मेच्या शेवटच्या आठवड्यात होतं.